समुद्राचा उत्सव, वैनगंगेच्या काठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आमच्या गावात समुद्राचा उत्सव असतो. गाव भंडारा जिल्ह्यातलं, पवनी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं. दिवसा शाळेच्या पटांगणात प्रयोग, नकाशे, चित्रं आणि जाळी. रात्री मंडपात दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य), कीर्तन आणि नाटक. एसटी स्टँडवर, रेशनच्या रांगेत, फोनवर लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर. त्याचा उत्सव इथं कायले?

कारण आपलं पाणी तिथे जातं आणि तिथलं पाणी आपल्याकडे येतं.

आमच्या घरांच्या कवेलूवर (कौलांवर) पडलेला पाऊस नाल्यातून वैनगंगेत जातो. वैनगंगा आणि वर्धा चपराळ्याजवळ मिळतात आणि पुढे त्यांची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. गोदावरीच्या संपूर्ण खोऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे. त्यामुळे गोदावरी समुद्राच्या पदरात जे काही टाकते, त्यात विदर्भाचा वाटा मोठा आहे. त्यात पाणी आहे, माती आहे, शेतातलं खत आहे आणि खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) प्लास्टिकच्या पन्न्याही आहेत.

आता उलटी वाट पाहा. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी येते आणि दोन-तीन दिवसांत आपल्याकडे झड लागते. ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यावर चढलेले हे पट्टे छत्तीसगडवरून पूर्व विदर्भात येतात. पऱ्हे (धानाची रोपं) तयार असतात, बांध्यांत चिखल हवा असतो, रोवणी (धानाची लावणी) अडलेली असते, तेव्हा आपण आभाळाकडे बघतो. त्या वेळी खरं बघायला हवं ते बंगालच्या उपसागराकडे.

आणि जवळचा समुद्र म्हणजे मुंबईचा, हा समजही सोडून द्या. भंडारा-गडचिरोलीला मुंबईपेक्षा विशाखापट्टणमचा किनारा जवळ आहे.

आम्ही अकोल्याचे, बुलडाण्याचे. आमचं पाणीही तिकडेच जातं का?

सगळं नाही, आणि ही फार सुंदर गोष्ट आहे. पूर्णेचं पाणी तापीत जातं आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. पैनगंगा मात्र बुलडाण्याजवळच्या अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून पूर्वेला निघते, वर्धेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात पोचतं. बुलडाणा जिल्ह्यातल्या दोन शेतांतला पाऊस देशाच्या दोन टोकांना जाऊ शकतो. आमच्या पटांगणावर चुन्याने आखलेला मोठा नकाशा असतो. आलेल्या प्रत्येकाने आपल्या गावावर उभं राहायचं आणि पाण्याच्या वाटेने चालत समुद्रापर्यंत जायचं. बुलडाण्याची मंडळी तिथे दोन दिशांना पांगतात तेव्हा पोरांना जलविभाजक म्हणजे काय ते आपोआप कळतं.

लोणारचं पाणी मात्र कुठेच जात नाही. उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेल्या त्या विवरातून बाहेर पडायला वाट नाही. पाणी येतं, उन्हाने उडतं, क्षार मागे राहतात. म्हणूनच तिथे मिठात वाढणारे सूक्ष्मजीव तग धरतात आणि जून २०२० मध्ये त्यांच्यामुळेच सरोवर गुलाबी झालं होतं.

दोन समुद्रांचंही वेगळं राज्य आहे असं समजू नका. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये टॅग लावलेली ऑलिव्ह रिडले कासवाची एक मादी जानेवारी २०२५ मध्ये कोकणात गुहागरला अंडी घालायला आली. श्रीलंकेला वळसा घालून ती आली असावी.

धानाला भाव नाही, डोक्यावर कर्ज आहे. अशात समुद्राचं कौतुक करायला कोणाला वेळ?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग योग्य आहे. उत्सवाने भाव मिळणार नाही, कर्ज फिटणार नाही, आणि आम्ही तसं कधी म्हणणारही नाही.

पण पाऊस उशिरा का आला, रोवणी झाल्यावर तीन आठवडे का गायब झाला, आणि कापणीच्या तोंडावर दिवाळीत का कोसळला, हे शेतकऱ्याने विचारायलाच हवं. त्याचं उत्तर मोठ्या प्रमाणात समुद्रात आहे. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता अडकली, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली. तापलेल्या समुद्रावरून जास्त बाष्प उठतं. पॅसिफिक महासागरात एल निनो असेल, म्हणजे तिथलं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापलं असेल, तर आपल्याकडे पावसाने ओढ द्यायची शक्यता वाढते. हिंदी महासागराची पश्चिम बाजू पूर्वेपेक्षा जास्त तापली, तर बऱ्याचदा मान्सूनला बळ मिळतं. ही माहिती समुद्रात तरंगणारी यंत्रं, जहाजं आणि उपग्रह गोळा करतात. मच्छीमारांना लाटांचा आणि मासळीच्या ठिकाणांचा अंदाज देणारी देशाची संस्था, इन्कॉइस, हैदराबादेत आहे. किनाऱ्यापासून कितीतरी आत. समुद्राचा अभ्यास किनाऱ्यावरच्यांनीच करायचा असं कुठे लिहिलेलं नाही.

शनिवारी दुपारी हवामानाच्या नकाशाचं सत्र असतं. कमी दाबाचा पट्टा नकाशावर कसा ओळखायचा, अंदाजातल्या ‘तुरळक ठिकाणी’ आणि ‘बहुतांश ठिकाणी’ यांत फरक काय, हे तिथे शिकवतात. आमच्या मते सगळ्या उत्सवात शेतकऱ्याने चुकवू नये असं हे एक सत्र आहे.

जागतिक महासागर दिन ८ जूनला असतो. मग उत्सव जानेवारीत का?

८ जूनला आपल्याकडे पारा पंचेचाळिशीच्या आसपास असू शकतो, विदर्भातल्या शाळा उघडलेल्या नसतात आणि माणसं पेरणीच्या तयारीत असतात. जानेवारीत धान मळून झालेलं असतं, रात्री थंड असतात आणि झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांचा हंगाम ऐन भरात असतो. शेजारच्या गावात शंकरपट (बैलांच्या शर्यती) असला तर आम्ही तारीख पुढे-मागे करतो. पटाच्या दिवशी मंडप रिकामा राहतो. ८ जूनला फक्त घाटाची सफाई करतो, तीही सकाळी सातच्या आत.

दिवसा बघायला काय असतं?

सगळं सांगत नाही. तीन टेबलांबद्दल सांगतो, कारण गर्दी तिथेच असते.

पहिल्यावर काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ म्हणजे साधारण समुद्राचा खारटपणा. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लू या सूचकाचे थेंब टाकले की पाणी निळं दिसतं. मग कागदी नळीने त्यात हळूहळू फुंकायचं. आधी हिरवट छटा येते, मग पिवळी. (ओढायचं नाही, फुंकायचंच, लहान मुलांजवळ शिक्षक बसलेले असतात.) श्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल तयार होतं. समुद्राचं हेच चाललं आहे. माणूस जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. त्याच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू (पीएच) औद्योगिक काळाआधी ८.२ च्या आसपास होता, आता तो ८.१ च्या आसपास आहे. फरक दिसायला एवढासा, पण सामूची मोजपट्टीच अशी आहे की त्याचा अर्थ आम्लता सुमारे पाव पटीने वाढली. समुद्र अजूनही अल्कधर्मीच आहे, पण प्रवाळ आणि शिंपले यांना कवच बांधणं त्यामुळे जड जातं. शेजारी वैनगंगेतली रिकामी शिंपली व्हिनेगरमध्ये ठेवलेली असते. तिच्यावर बुडबुडे येतात आणि दुसऱ्या दिवशी ती बोटाला खरखरीत लागते. व्हिनेगर समुद्राच्या पाण्यापेक्षा कैक पटींनी आम्ल आहे, हेही तिथेच पाटीवर लिहिलेलं असतं. पोरांना घाबरवायचं नाही, समजावून द्यायचं आहे.

दुसऱ्या टेबलावर दगड. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा-कोरपना भागातला चुनखडक, ज्याच्यावर तिथले सिमेंट कारखाने चालतात. तो शंभर कोटी वर्षांहून जुना आहे आणि समुद्राच्या तळाशी साचलेला आहे. सौम्य आम्लाचा थेंब पडला की फसफसतो. त्या सिमेंटने ज्यांनी घर बांधलं, त्यांच्या भिंतीत समुद्राचा तळ आहे. म्हाताऱ्या माणसांना हा दगड हातात धरून बसायला फार आवडतं. काहीजण परत येऊन पुन्हा हात लावतात.

तिसऱ्या टेबलावर फक्त बाटल्या. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा भागातले पाहुणे खारपाणपट्ट्यातल्या विहिरींचं पाणी आणतात, आम्ही आमच्या बोअरचं ठेवतो, एखादा नातेवाईक रत्नागिरीहून खरोखरच्या समुद्राचं आणतो. मीटरने प्रत्येकाची क्षारता मोजून पाटीवर लिहायची. आपली विहीर आणि समुद्र यांत किती अंतर आहे ते आकड्यात दिसतं.

नदीत सोडलेली कागदाची होडी समुद्रात पोचेल का? (तिसरीतल्या मुलीचा प्रश्न)

कागद भिजेल, त्यामुळे होडी नाही. पण तिच्याखालचं पाणी जाईल, वाटेत थांबत थांबत. आधी पवनी तालुक्यातलंच गोसेखुर्द धरण, ज्याचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. दरवाजे उघडले की पुढे वडसा, मग मार्कंडा आणि त्याच्याजवळचा चिचडोह बॅरेज. चपराळ्याला वर्धेची भेट. प्राणहिता होऊन सिरोंचा. गोदावरीत शिरल्यावर तेलंगणातला मेडिगड्डा बॅरेज, भद्राचलम, पापी टेकड्यांमधली अरुंद वाट, पोलावरम, राजमहेंद्री आणि शेवटी धवलेश्वरम. तिथे आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८५२ मध्ये बंधारा पूर्ण केला; त्याच्या जागी नंतर बांधलेला बॅरेज आता गोदावरीला कालव्यांत वाटतो. उरलेलं पाणी गौतमी आणि वसिष्ठा अशा फाट्यांनी समुद्रात जातं. काकीनाड्याजवळ कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. त्या चिखलात आपल्याकडची मातीही आहे.

या प्रश्नाने आम्हाला नकाशावर धरणं दाखवायला शिकवलं. आधी आम्ही फक्त नद्यांची निळी रेघ काढत होतो.

धरणांचा आणि समुद्राचा काय संबंध? पाणी तर शेवटी जातंच.

पाणी जातं, गाळ मागे राहतो. किनाऱ्यावरचा त्रिभुज प्रदेश दरवर्षी येणाऱ्या गाळावर जगतो. तो धरणांत अडकला की किनारा झिजायला लागतो.

हाच गाळ इतिहासही सांगतो. गोदावरीच्या मुखाबाहेर समुद्राच्या तळातून शास्त्रज्ञांनी गाळाचा लांब गाभा, म्हणजे नळीने उभा कापून काढलेला नमुना, काढला. त्यात वनस्पतींच्या पानांवरच्या मेणाचे अंश थरांत जपलेले होते. कोणत्या काळात खोऱ्यात कशा प्रकारची झाडं होती हे त्यावरून कळतं, आणि झाडांवरून पाऊस. गेल्या काही हजार वर्षांत मध्य भारत टप्प्याटप्प्याने कोरडा होत गेला, हे त्या थरांनी दाखवलं. आपल्या पावसाची वही समुद्राच्या तळाशी आहे.

आणि वर येणाऱ्यांचं काय? समुद्रातली हिलसा पुराच्या पाण्यात अंडी घालायला नदीत चढते. गोदावरीत चढलेल्या हिलसेला आंध्रात पुलसा म्हणतात आणि तिच्यासाठी लोक वाट्टेल ती किंमत मोजतात. धवलेश्वरमच्या बंधाऱ्याशी तिची वाट संपते. गोदावरीच्या खोऱ्यातला मोठा झिंगा, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी, गोड्या पाण्यात राहतो, पण त्याच्या पिल्लांना वाढायला मुखाजवळचं मचूळ पाणी लागतं. एवढीशी पिल्लं नंतर प्रवाहाविरुद्ध वर येतात. वाटेत जेवढ्या भिंती, तेवढी ही ये-जा तुटते. आमच्या गावातल्या ढिवर समाजातल्या जुन्या माणसांना हे पुस्तकातून कळलेलं नाही. रविवारी सकाळी ते जाळं विणत बसतात. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवलेला, लाकडी सुई गाठीगाठीतून सरकतेय, काठाला शिशाचे मणी ओवलेले. विणता विणता ते सांगतात: कोणता मासा कोणत्या नक्षत्रात चढायचा, कोणता आता दिसत नाही. शास्त्र शिकवणारे शिक्षक त्या वेळी वही घेऊन खाली बसलेले असतात. आमच्या उत्सवात शास्त्रज्ञाची खुर्ची आणि ढिवरांची चटई वेगळी मांडत नाही.

शेतातलं खत समुद्रात जाऊन नुकसान कसं करतं?

युरियातलं सगळं नत्र पिकाला मिळत नाही. बरंचसं, कित्येकदा निम्मं किंवा त्याहून जास्त, हवेत उडतं, जमिनीत झिरपतं किंवा वाहून जातं. पाण्यात गेलेलं नत्र-स्फुरद तिथल्या सूक्ष्म शैवालाला खाऊ घालतं. शैवाल फोफावतं, मरतं, तळाशी सडतं आणि सडताना पाण्यातला प्राणवायू संपवतं. मासे एक तर पळतात किंवा मरतात. अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात खोलवर मुळातच प्राणवायू फार कमी असलेले मोठे पट्टे आहेत. तिथे आपण आणखी भर घालू नये.

यात शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही. वाहून गेलेलं खत म्हणजे त्याचेच वाहून गेलेले पैसे. माती तपासून द्या, एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्या, मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर त्या दिवशी पोतं उघडू नका, बांधीचं पाणी खत दिल्याबरोबर सोडू नका. समुद्राचं भलं होतं आणि खिशाचंही.

रात्रीचे कार्यक्रम कोणते? आणि समुद्र न पाहिलेला नट समुद्र कसा उभा करणार?

शनिवारी दंडार आणि कीर्तन, रविवारी नाटक. नाटक झाडीपट्टीच्या रीतीचं, पडदे रंगवलेले, पेटी-तबला समोर, पहाटेपर्यंत. त्यात प्रेम असतं, भांडण असतं, खलनायक असतो. समुद्र भाषणातून यायचा नाही, गोष्टीतून यायचा, एवढीच आमची अट.

एका नाटकात लाटेचा आवाज हवा होता. स्पीकरवर रेकॉर्डिंग लावायची सोय होती. पण गावातल्या एका आजीने सूप घेतलं, त्यात दोन ओंजळी धान टाकलं आणि सूप हळूच एका बाजूला कलतं केलं, मग दुसऱ्या. दाणे सरसरत खाली गेले, काठाशी थांबले, परत फिरले. माइक जवळ धरला आणि दिवे मालवले. ज्यांनी मुंबईचा समुद्र ऐकला होता त्यांनीही तोच म्हणून ओळखला. आता प्रत्येक वर्षी नाटकात सूप असतंच, आणि पोरी ते शिकायला आजीकडे रांग लावतात.

चित्रस्पर्धेचे नियम?

वय कितीही चालेल. कागद, भिंत, सूप, मडकं, कशावरही काढा. थर्माकोल आणि चमकी नको. प्लास्टिक गिळलेला देवमासा दरवर्षी खूप येतो. काढायला मनाई नाही, पण स्वतःच्या नाल्यात, तलावात, घाटावर डोळ्यांनी पाहिलेलं एक तरी काहीतरी चित्रात असू द्या. परीक्षक आधी तेच शोधतात.

जेवणात मासे मिळतील का?

मिळतील, पण समुद्राचे नाहीत. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातले, इथल्याच मच्छीमार संस्थेकडून घेतलेले. बर्फात घालून शेकडो किलोमीटर आणलेला पापलेट या उत्सवात शोभत नाही; तो महाराष्ट्राचा राज्य मासा आहे आणि त्याची लहान पिल्लं पकडली जाऊ नयेत म्हणून किनाऱ्यावर धडपड चालू आहे. शाकाहारी पंगत वेगळी असते: वरण, भात, वांग्याची भाजी. जेवण पळसाच्या पत्रावळीवर. पाण्याच्या बाटल्या मिळत नाहीत, घरून तांब्या किंवा बाटली आणा. खर्रा पटांगणात चालत नाही.

नदीत दिवे सोडतात का? नारळ वाहतात का?

नाही. नदीत काहीच सोडायचं नाही. घाटावर हात जोडा.

उत्सव संपल्यावर पुढे काय? दोन दिवसांनी समुद्र वाचतो का?

वाचत नाही. म्हणून वर्षभराचं एक काम ठरलेलं आहे. बाजाराकडून येणारा नाला जिथे नदीला मिळतो, त्या तोंडाशी ढिवरांनी जुन्या जाळ्यांची आडवी जाळी बांधून दिली आहे. आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दोन घरांची पाळी असते. पन्न्या, पाऊच, चपला, बियाण्याच्या पिशव्या बाहेर काढायच्या, वाळवायच्या, वेगळ्या करायच्या. पावसाळा लागला की जाळी काढून ठेवावी लागते, नाहीतर पाणी तुंबतं आणि चढणारे मासे अडकतात. म्हणजे ज्या दिवसांत सर्वांत जास्त कचरा वाहतो, त्याच दिवसांत आपल्याला तो अडवता येत नाही. त्यावर उपाय एकच, कचरा नाल्यापर्यंत पोचूच न देणं, आणि तो जाळीपेक्षा फार अवघड आहे. ग्रामपंचायतीत त्यावर दर वर्षी वाद होतो. झाला पाहिजे.

माझ्या मुलीला समुद्राचं शास्त्र शिकायचं आहे. खेड्यातून जमेल?

जमेल. डॉ. अदिती पंत यांचा जन्म नागपूरचा. त्या समुद्रशास्त्रज्ञ झाल्या आणि १९८३-८४ च्या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेल्या. भारताच्या मोहिमेतून तिथे गेलेल्या पहिल्या दोन महिलांपैकी त्या एक. आज नागपुरातच मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आणि गोव्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६). बारावीला विज्ञान घ्या, गणित सोडू नका. मुलीला दूर पाठवायचं कसं, असं कोणी घरात म्हणालं तर रविवारी दुपारी आमच्याकडे या. बाहेर शिकायला गेलेल्या गावातल्या मुली त्या वेळी मंडपात असतात आणि आयांशी स्वतः बोलतात.

आमच्या गावात असा उत्सव करायचा असेल तर?

करा, आमची परवानगी लागत नाही. आधी आपल्या गावचं पाणी कोणत्या समुद्राला जातं ते नकाशावर काढा. मग गावात पाण्याशी पोट बांधलेली माणसं कोण, ते बघा आणि त्यांना पहिल्या बैठकीला बोलवा, शेवटच्या नाही. मोठा पाहुणा बोलवण्यात पैसे घालू नका. मीटर, सूचक द्रावण, चुना आणि कागद यांत बरंच होतं. चुन्याचा नकाशा आखण्याचा साचा आमच्याकडे आहे, दोन माणसं आणि एक बैलगाडी पाठवली तर नेता येईल. फक्त पोळ्याच्या आधी परत आणून द्या.